अ‍ॅव्हरेज किती देते?

निवृत्तीनंतर आपल्यातले बरेच जण फोर बाय फोर पिकअप घेतात. मग लिफ्ट किट बसतं, मोठे टायर येतात, टपावर कॅरियर, पुढे लोखंडी बंपर. सहा महिन्यांनी फोन येतो, "सर, गाडी दिसते झकास, पण अ‍ॅव्हरेज पार बसलं." मी मेकॅनिक नाही, पण जैसलमेरच्या पोस्टिंगमध्ये वाळूत गाड्या चालवताना एका तुकडीचा इतिहास वाचला होता. हल्ली उत्तर म्हणून तोच सांगतो.

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरला, तेव्हा कैरोत मेजर राल्फ बॅग्नोल्ड होता. सिग्नल्सचा अधिकारी, १९३५ साली निवृत्त झालेला, युद्धामुळे परत बोलावलेला. तरुणपणी रजा काढून, फोर्डच्या साध्या गाड्या घेऊन त्याने लिबियाचं वाळवंट पालथं घातलं होतं. जनरल वेव्हेल यांनी त्याला परवानगी दिली आणि सहा आठवड्यांत शत्रूच्या मागे शेकडो मैल जाणारी तुकडी उभी राहिली. पुढे तिला लाँग रेंज डेझर्ट ग्रुप म्हणू लागले. पहिले जवान न्यूझीलंडचे होते.

गाडी कोणती निवडली? दीड टनी शेव्हरोले ट्रक, तोही टू व्हील ड्राइव्ह. वाळवंटात टू व्हील! पण बॅग्नोल्डचा हिशेब पक्का होता. गाडी हलकी, तेल कमी पिणारी. दारं, काचा, टप सगळं काढून टाकलं. जिथे गरज होती तिथेच भर घातली: पाटे वाढवले, रुंद टायर बसवून त्यांत हवा कमी ठेवली. रुतल्यावर चाकाखाली घालायला लोखंडी पट्ट्या घेतल्या. रेडिएटरची वाफ नळीने पाण्याच्या डब्यात सोडली. तिथे तिचं पाणी होई आणि इंजिन थंडावलं की ते आपोआप परत रेडिएटरमध्ये ओढलं जाई.

१९४१ मध्ये शेव्हरोले झिजल्या आणि फोर्डचे फोर बाय फोर ट्रक मिळाले. ताकद भरपूर, पण वजन जास्त आणि तेल जवळजवळ दुप्पट. पेट्रोल पंप नसलेल्या मुलुखात दुप्पट तेल म्हणजे निम्मा पल्ला. जास्त तेल न्यायचं, तर ते वाहून नेण्यासाठीही तेल जळतं. १९४२ मध्ये खास मागवलेल्या टू व्हील शेव्हरोले आल्या आणि फोर्ड हळूहळू हटवल्या.

गाडी गेली तर काय, हे जानेवारी १९४१ मध्ये दिसलं होतं. जबल शरीफजवळ इटालियन तुकडीने ट्रक जाळले. मूर नावाचा जवान, पायात गोळ्याचा तुकडा असताना, तिघा साथीदारांसह निघाला. अन्न जवळजवळ नाही, पाण्याचा एक डबा. दहा दिवसांत सुमारे ३४० किलोमीटर चालून तो सापडला. त्यांच्यातला एक वाचला नाही.

आता तुमच्या पिकअपकडे येतो. उंची वाढली की हवेचा अडथळा वाढतो, आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गेलात तर दीडपटीहून जास्त. बॅग्नोल्डला वाळूत ही काळजी नव्हती, तुम्हाला हायवेवर आहे. डांबरी रस्त्यावर टायरमध्ये हवा पूर्ण भरा, टू व्हीलवर चालवा. रिकामा कॅरियर आणि तो बंपर उतरवा (बंपरचं नाव काढलं की लोक रागावतात, मला माहीत आहे). आणि आधी मीटर तपासा. २९ इंची टायर काढून ३२ इंची घातला, तर मीटर शंभर दाखवतं तेव्हा गाडी एकशे दहा किलोमीटर गेलेली असते. म्हणजे हरवलेलं अ‍ॅव्हरेज काही अंशी फक्त कागदावरच हरवलेलं असतं.

तेल न जळताही जातं. ब्रिटिशांचे चार गॅलनचे पातळ पत्र्याचे डबे इतके गळायचे, की तळापासून गाडीपर्यंत सुमारे तीस टक्के पेट्रोल वाया जातं असा जनरल ऑकिन्लेक यांचा अंदाज होता. जर्मनांचा वीस लिटरचा मजबूत डबा हाती लागला की जवान तो सोडत नसत. आपल्या एमटीत आजही वापरतो तो जेरीकॅन हाच. जेरी म्हणजे जर्मन.

या कामात आपली माणसंही होती. डिसेंबर १९४१ मध्ये थर्ड इंडियन मोटर ब्रिगेडमधल्या सेकंड लान्सर्स, ११ कॅव्हलरी आणि १८ कॅव्हलरीच्या स्वयंसेवकांतून इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन उभं राहिलं. जाट, राजपूत, शीख आणि मुसलमान अशा त्याच्या गस्ती होत्या. १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये ते याच डेझर्ट ग्रुपला जोडलं गेलं. सेकंड लान्सर्स आणि १८ कॅव्हलरी आज आपल्याकडे रणगाडे चालवतात. ११ कॅव्हलरी फाळणीत पाकिस्तानात गेली.