तुडुमाजवळची बांधी

माणसाला जन्मामुळे आपोआप मिळणारे झुकते माप किती आणि त्याच्या स्वतःच्या कर्तृत्वाची जबाबदारी किती, हा वाद अमेरिकेत वंशाच्या संदर्भात चालत आला, तसा पूर्व विदर्भात तो जातीच्या संदर्भात चालत आला. आणि हे दोन्ही वाद एकाच जातीचे आहेत, हे मराठी विचारवंतांनी फार आधी ओळखले होते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केले, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागण्याच्या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या प्रयत्नाची माहिती मागवली. पूर्व विदर्भातल्या भंडारा जिल्ह्यात मात्र हा वाद केवळ ग्रंथांत राहिला नाही. तो शेताच्या धुऱ्यावर आला आणि पुढे थेट सर्वोच्च न्यायालयात गेला.

सिहोरा हे याच जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील, धानाच्या पट्ट्यातील गाव. या पट्ट्यातील जुनी जमीनव्यवस्था मालगुजारीची होती; म्हणजे गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी ज्याच्याकडे, त्या मालगुजाराकडेच गावाची मालकी असे आणि त्याची घरची खास जमीन ‘सीर’ म्हणून वेगळी राखलेली असे. मालगुजारांनी बांधलेले तलाव आजही ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणून ओळखले जातात. तलावाच्या बांधाला पार, पाणी सोडण्याच्या दाराला तुडूम आणि जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटेला सलंग म्हणतात. तुडुमातून सुटलेले पाणी एका बांधीतून, म्हणजे धुऱ्यांनी बंदिस्त केलेल्या धानाच्या तुकड्यातून, दुसऱ्या बांधीत उतरत जाते. पावसाने ओढ दिली की वरच्या बांधीत रोवणी उरकते आणि शेवटच्या बांधीवाल्याचे पऱ्हे, म्हणजे रोपे, वाट पाहत जून होतात. दोघांनीही नांगरणी, चिखलणी सारख्याच कष्टाने केलेली असते. पण पीक पाहणाऱ्याला पहिला कष्टाळू आणि दुसरा आळशी वाटू शकतो. जन्माने मिळालेल्या सोयीचे स्वरूप याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण शोधावे लागणार नाही. तलाव उभारणाऱ्यांचे, विशेषतः त्यात निष्णात असलेल्या कोहळी समाजाचे, कर्तृत्व यामुळे तसूभरही कमी होत नाही. प्रश्न पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आलेल्या पाण्याचा आहे.

या व्यवस्थेच्या तळाशी असलेल्या महार समाजाने आपली जबाबदारी टाळली, असे इतिहास सांगत नाही. या भागात अनेक महार कुटुंबे विणकर होती. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीच्या कापडाने हातमाग मागे पडत गेले, तेव्हा कोणी गिरणीत गेले, कोणी विड्या वळू लागले, तर कोणी तुमसर तालुक्यातल्याच चिखला, डोंगरी बुजुर्ग यांसारख्या मँगनीजच्या खाणींत उतरले. नागपूरचे किसन फागुजी बनसोडे यांनी शिक्षणावर आणि समाजाने स्वतःत घडवायच्या सुधारणेवर भर दिला. तरीही स्वतःला बदललेल्या माणसाला समाज बदललेला मानतो का, हा प्रश्न उरलाच.

त्याचे उत्तर १९५४ मध्ये न्यायालयाला द्यावे लागले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा दोन जागांचा मतदारसंघ होता: एक सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी भरलेला अर्ज नाकारला गेला, कारण ते महानुभाव पंथात गेले होते. हा पंथ जातिभेद मानत नाही, म्हणून ते महार उरले नाहीत, असा युक्तिवाद होता. चतुर्भुज विठ्ठलदास जसाणी विरुद्ध मोरेश्वर परशराम या खटल्याच्या निकालपत्रात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी तीन गोष्टी तपासल्या: जुन्या समाजाची प्रतिक्रिया, त्या व्यक्तीचा स्वतःचा हेतू आणि नव्या पंथाचे नियम. ठवरे यांचे सोयरसंबंध जातीतच राहिले होते आणि जातीनेही त्यांना दूर लोटले नव्हते. म्हणून ते महारच आहेत, असा निर्णय झाला. व्यक्तीची श्रद्धा कितीही खरी असली, तरी सामाजिक स्थान तिच्या एकटीच्या इच्छेने ठरत नाही, हे या निकालाने कायद्याच्या भाषेत मान्य केले. या निकालाचे महत्त्व जिल्ह्याच्या इतिहासलेखनात जेवढे नोंदले जायला हवे, तेवढे नोंदले गेलेले नाही.

निवडणूक रद्द झाली आणि त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत राखीव जागेवर स्वतः आंबेडकर उभे राहिले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून ते पराभूत झाले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. जन्माने लादलेले स्थान स्वतः नाकारण्याची याहून मोठी सामूहिक जबाबदारी आधुनिक महाराष्ट्रात कोणी उचलली नाही. परंतु धर्म बदलताच अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती गेल्या. राज्याने १९६० नंतर नवबौद्धांना सवलती दिल्या, तरी केंद्राची मान्यता यायला १९९० उजाडावे लागले. म्हणजे ३४ वर्षे या कुटुंबांना कायदा जातीबाहेरचे मानत होता आणि गाव मात्र तसे मानत नव्हते.

तुमसरला लागूनच असलेल्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा एकाच बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. या कुटुंबाने स्वतःची शेती कसली होती आणि मुलांना शिकवले होते. वैयक्तिक जबाबदारीचा पुरस्कार करणारे जे जे मागतात, ते त्याने केले होते. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, मात्र अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप सिद्ध झाल्याचे मानले नाही.