साखर कारखानदारी व स्थानिक समाज (लातूर–नांदेड)

मराठवाड्यातील या दोन जिल्ह्यांत मोठ्या उद्योगाचे स्थानिक समाजावरील परिणाम साखर कारखानदारीत सर्वाधिक ठळक दिसतात. विलासराव देशमुख यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला लातूरचा मांजरा सहकारी साखर कारखाना आणि नांदेड जिल्ह्याच्या अर्धापूर तालुक्यातील भाऊराव चव्हाण कारखाना ही त्याची प्रमुख उदाहरणे होत. कारखान्यांमुळे लाभक्षेत्रातील, म्हणजे धरण-कालव्याचे पाणी पोहोचणाऱ्या पट्ट्यातील, सभासदांना उसाचे हमखास गिऱ्हाईक मिळाले. परंतु ऊस जवळजवळ वर्षभर पाणी मागत असल्याने ही सुबत्ता मुख्यतः बागायतदारांपुरती राहिली, आणि कोरडवाहू गावांच्या वाट्याला अधिकाधिक खोल जाणाऱ्या विंधनविहिरी आल्या. मांजरा धरण आटल्यावर एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. टंचाईचे मूळ कारण अवर्षण असले, तरी ऊसक्षेत्राच्या वाढीने ती तीव्र केली, हे नाकारता येत नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने मराठवाड्यात पाच वर्षे नव्या कारखान्यांना परवानगी न देण्याचे जाहीर केले; चालू कारखान्यांच्या गाळपाचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन हंगामापुरते स्थलांतर करणारे ऊसतोड मजूर या व्यवस्थेत सर्वांत असुरक्षित राहिले असून, मुलांच्या शाळेतही त्यामुळे खंड पडतो.