हैतीचे स्वातंत्र्य : चार संहितांचे वाचन

क्रांतीची कथने बहुधा विजयापाशी थांबतात. सी. एल. आर. जेम्स यांच्या 'द ब्लॅक जॅकोबिन्स' (१९३८) या ग्रंथाचे कथनही हैतीच्या स्वातंत्र्यापाशी येऊन संपते. नव्या राज्यापुढील प्रश्न मात्र नेमके तेथूनच सुरू होतात. गुलामांनी घडवलेली क्रांती ही समकालीन युरोपीय विचारविश्वाला कल्पनातीत होती, हे मिशेल-रोल्फ त्रुयो यांनी १९९५ मध्ये साधार मांडले. त्यांनी दाखवलेल्या युरोपच्या मौनाची समीक्षेने पुरेशी दखल घेतली आहे. स्वतंत्र राज्याने आपल्याच शेतकऱ्यांविषयी पाळलेल्या मौनाची तितकी घेतलेली नाही. पहिल्या बावीस वर्षांतील चार संहिता शेजारी ठेवून हे दुसरे मौन येथे वाचावयाचे आहे.

पहिली संहिता १ जानेवारी १८०४ रोजी गोनाईव येथे उद्घोषित झालेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची. सेनापती देसालिन याच्या वतीने त्याचा चिटणीस ब्वारों-तोनेर याने ती लिहिली. फ्रान्सशी कायमचे नाते तोडण्याची प्रतिज्ञा तीत आहे आणि ती प्रतिज्ञा फ्रेंच भाषेत आहे. बहुसंख्य जनता क्रिओल बोलत होती. अनेकांचा तर जन्मच आफ्रिकेत झालेला होता. ज्यांच्या नावाने स्वातंत्र्य घोषित झाले, त्यांना ती संहिता दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकावी लागली. क्रिओलला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा मिळण्यासाठी १९८७ ची राज्यघटना यावी लागली.

दुसरी संहिता देसालिनच्या साम्राज्याची, १८०५ ची राज्यघटना. वर्णभेदाच्या शब्दसंग्रहाचे तीत झालेले रूपांतर आजही थक्क करते. कातडीचा रंग कोणताही असो, सर्व हैतीवासीयांना 'कृष्णवर्णीय' हेच समान अभिधान तिने दिले. नागरिकत्व मिळालेले पोलिश व जर्मन लोकही त्यात आले. वंशवाचक शब्द येथे राजकीय झाला. मात्र याच घटनेने चांगला पिता, पुत्र, पती आणि विशेषतः चांगला सैनिक असणे ही हैतीवासी म्हणवून घेण्याची अट ठरवली. नागरिकाची प्रतिमा सैनिकाची झाली. शेतात राबणारी स्त्री या वाक्यरचनेत कोठेच बसत नव्हती.

खरा पेच जमिनीचा होता. साखर आणि कॉफी निर्यात केल्याशिवाय सैन्य पोसता येत नव्हते आणि सैन्याशिवाय फ्रान्सच्या पुनराक्रमणाला तोंड देता येत नव्हते. उलट, गुलामीतून सुटलेल्या माणसाच्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे मळ्यावरचे काम सोडून स्वतःच्या तुकड्यावर पोटापुरते पिकवणे. राज्याचे स्वातंत्र्य आणि शेतकऱ्याचे स्वातंत्र्य हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदत होते. १८०६ मध्ये देसालिनची हत्या झाली आणि देश दुभंगला. उत्तरेत क्रिस्तॉफने मळे शिस्तीने चालवले. दक्षिणेतील प्रजासत्ताकात पेत्याँने जमिनीचे वाटप केले. १८२० मध्ये ब्वाये याने दोन्ही भाग पुन्हा जोडले. पेच मात्र तसाच राहिला.

तिसरी संहिता परकी आहे. १७ एप्रिल १८२५ च्या आज्ञापत्राने फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याने 'सां-दोमिंगच्या फ्रेंच भागातील रहिवाशांना' स्वातंत्र्य बहाल केले. हैती हे नाव त्याने उच्चारलेही नाही. माजी मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँक आणि फ्रेंच व्यापाराला निम्म्या जकातीची सवलत हे या 'देणगी'चे मोल. पाठीशी १४ युद्धनौका उभ्या होत्या. पहिल्या हप्त्यासाठी पॅरिसमध्येच ३ कोटींचे कर्ज काढावे लागले आणि हाती २ कोटी ४० लाखच आले. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आणली गेली. एकवीस वर्षांपूर्वी लढून मिळवलेले स्वातंत्र्य या संहितेने खरेदीचा व्यवहार म्हणून पुन्हा लिहिले.

चौथी संहिता, १८२६ चा ग्रामीण कायदा, तिसरीनंतर वाचल्यावरच नीट उलगडते. सरकारी सेवा, सैन्य वा शहरी व्यवसाय नसलेल्या प्रत्येकाला तिने शेतीशी बांधले. मळा सोडण्यावर परवान्याचे बंधन घातले. भटकणे गुन्हा ठरवले. गुलामी येथे परत आलेली नव्हती, कारण माणूस विकाऊ राहिलेला नव्हता. तथापि मळ्याची शिस्त नागरिकत्वाच्या भाषेत परतली होती. तुसँ लुव्हर्तुर याने १८०० मध्येच या वाक्यरचनेचा पाया घातला होता, म्हणून ती केवळ परकीय दडपणाची निर्मिती मानता येत नाही.

शेतकऱ्यांनी या कायद्याला प्रतिसंहिता लिहून उत्तर दिले नाही. त्यांनी डोंगरउतारांवर लहान तुकडे कसले आणि 'लाकू' या सामाईक अंगणाभोवती कुटुंबे वसवली. कायदा मोठ्या प्रमाणावर निष्प्रभ ठरला. केवळ लिखित संहितांनाच पुरावा मानणाऱ्या इतिहासाला येथे राज्याचे अपयश दिसते. जमिनीचा वापर हीही अर्थनिर्मिती मानली, तर त्याच ठिकाणी स्वातंत्र्याचा दुसरा अर्थ टिकून राहिलेला दिसतो.

हा केवळ वाचनपद्धतीचा वाद नाही. २००३ मध्ये हैतीने फ्रान्सकडे त्या रकमेच्या परतफेडीची मागणी केली. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग जाहीर केला. हिशेब दोन राज्यांमधला म्हणून मांडला जात आहे. पण ते कर्ज मुख्यत्वे कॉफीवरील करांतून, म्हणजे डोंगरउतारावरच्या शेतकऱ्याच्या श्रमातून फिटले. चारही संहितांनी ज्याला कर्तेपद नाकारले, त्याला या पाचव्या संहितेत तरी ते मिळते काय, यावर तिचा न्याय तोलावा लागेल.