दुसरी वारी, शके १७५६

आळंदीच्या महाद्वारात तुम्ही नमस्काराला वाकता आणि हात अर्ध्यावरच थांबतो. पहिल्या वारीला निघताना जिच्यावर डोकं ठेवलं होतं, ती पायरी इथेच आहे. पण तिच्यावर ना हळदकुंकू, ना फूल, ना तुळशीचं पान. लोक सरळ तिच्यावर पाय देऊन आत जाताहेत. हैबतबाबांची पायरी म्हणून तुम्ही जिला ओळखता, ती आज नुसता दगड आहे, कारण हैबतबाबा जिवंत आहेत. ते समोर ओसरीला उभे आहेत आणि एका टाळकऱ्याला समजावताहेत की दिंडीची जागा एकदा ठरली म्हणजे ठरली.

साल १८३४. शके १७५६, ज्येष्ठ वद्य अष्टमी.

हैबतराव पवार साताऱ्याजवळच्या आरफळचे. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेला माणूस. परंपरा सांगते की गावाकडे परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना कोंडून ठेवलं, तिथे ते हरिपाठ म्हणत बसले, आणि सुटका झाल्यावर घरसंसाराकडे न वळता माउलींच्या पायाशी आले. वारी त्यांच्या आधी शतकानुशतकं चालत होती. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये तुकोबांच्या आणि माउलींच्या पादुका एकाच पालखीत घालून पंढरीला न्यायची चाल पाडली. आता माउलींची पालखी स्वतंत्र निघू लागली आहे आणि तिला शिस्त लावायचं काम या शिपाईगड्याने अंगावर घेतलं आहे. बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांचे घोडे आले आहेत. त्यातल्या एकाच्या पाठीवर स्वार नाही. तो माउलींचा. पहिल्या वारीत रिंगणानंतर त्याच्या टापांखालची माती तुम्ही कपाळाला लावली होती.

रथ नाही. पालखी खांद्यावर निघते.

पहिल्या वारीत माणूस स्वतःलाच सांभाळत चालतो. पायाचा फोड, पाण्याची बाटली, रात्रीची पाठ टेकायची जागा, आणि मनात एकच घोर: आपण पोचू ना? दुसऱ्या वेळी मान वर होते. मग दिसायला लागतं की एवढी माणसं आपोआप चालत नाहीत. कुणीतरी पुढे जाऊन तळ झाडून ठेवलेला असतो, कुणीतरी मागे राहून म्हाताऱ्याचं गाठोडं उचललेलं असतं. तुम्ही पुन्हा आलात ते हे बघायला, आणि जिथे हे सगळं नुकतंच बसतं आहे त्या सालात आलात हे तुमचं भाग्य.

पुण्यात शिरताना शनिवारवाड्याचे जळके अवशेष दिसतात. सहा वर्षांपूर्वी, १८२८ मध्ये आत आग लागली होती. कंपनी सरकारचा शिपाई पालखी जाताना बघत उभा राहतो. पालखी त्याच्याकडे बघत नाही.

चहा नाही, हे तुम्हाला दिवे घाटात जाणवतं. पहिल्या वारीत इथे पावलापावलावर कुणीतरी कागदी पेला हातात ठेवत होतं. आता वडकीजवळ मस्तानी तलावाच्या काठी विसावा होतो, ओंजळीने पाणी प्यायचं आणि फडक्यातली भाकरी चटणीशी खायची. तुमच्या शेजारी सासवडपासून पुढे एक म्हातारी चालते. डोक्यावर तुळस, खांद्यावर घोंगडी, कमरेला पिठाची पिशवी. तिच्यासोबत तिची धाकटी जाऊ आहे. तुमच्याकडे शिधा नाही हे म्हातारीने न विचारताच ओळखलंय. मुक्कामाला पोचल्यावर ती शेजारच्या चुलीतला निखारा मागून आणते, तीन धोंडे मांडते, आणि पहिली भाकरी तुमच्या हातावर टाकते. काडेपेटी कुणाकडेच नाही. विस्तव एकमेकांकडून मागूनच सगळ्या तळावर पसरतो. कोणाची चूल कोणाच्या निखाऱ्याने पेटली याचा हिशेब लागणार नाही.

पुस्तकही कुणाकडे नाही. पहिल्या वारीत तुमच्या खिशात हरिपाठाची चिमुकली पुस्तिका होती. तुकोबांची गाथा सरकारी मदतीने छापून निघायला अजून ३५ वर्षं आहेत. विणेकऱ्याजवळ हाताने लिहिलेलं एक बाड आहे, मेणकापडात गुंडाळलेलं, पण ते तो उघडत नाही. अभंग त्याच्या ओठांवर आहेत. तो चरण उचलतो, डावीकडची ओळ तो झेलते, उजवीकडची परत करते, आणि पखवाजाच्या थापेवर पावलं पडतात. ज्याला पहिला चरण येतो त्याला शेवटचा येत नाही, शेवटचा ज्याला येतो तो मधला विसरतो. तरी अभंग पुरा होतो. निरक्षर माणसांनी एवढं वाङ्मय नुसतं चालता चालता जपलं, याचं मोल आपल्या विद्यापीठांनी करायला हवं तेवढं केलेलं नाही, असं मला वाटतं.

संध्याकाळी तळावर तुम्ही जे बघता ते नीट बघा. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड वर उचलतो आणि लांब हाळी देतो. क्षणात टाळ थांबतात. पण एका कोपऱ्यात एक दिंडी वाजवतच राहते. पहिल्या वारीत तुम्हाला वाटलं होतं, त्यांना ऐकू गेलं नसेल. तसं नाही. ज्या दिंडीची तक्रार आहे तिने टाळ थांबवायचे नाहीत, असा हा रिवाज. आज चोपदार त्या दिंडीकडे चालत जातो, मागोमाग हैबतबाबाही. तक्रार साधी आहे. सकाळी मागच्या दिंडीने रेटून त्यांची जागा घेतली. बाबा ऐकून घेतात, मागच्या दिंडीच्या प्रमुखाला बोलावतात, दोघांना एकमेकांच्या पायाला हात लावायला लावतात. टाळ थांबतात. मग आरती. फौजेतून आलेल्या माणसाने तक्रारीला आवाज दिला आणि तो आवाज टाळाचाच ठेवला. एवढी थोर गोष्ट एवढ्या साधेपणाने घडते, आणि आपण पहिल्या वेळी तिच्याकडे पाठ करून जेवणाच्या पंगतीत जागा धरायला गेलेलो असतो.

नीरा दुथडी भरून वाहते आहे. भाटघरचं धरण नाही, वीरचंही नाही, पूल तर नाहीच. कोळी होड्या घेऊन उभे आहेत, भोपळ्यांच्या सांगडी आहेत. पादुकांना स्नान होतं. म्हातारी सांगडीवर बसते, तुळस दोन्ही हातांनी धरते आणि डोळे मिटून घेते. पलीकडच्या काठाला पाय लागला की कंपनीचा मुलूख मागे पडतो. इथून साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचं राज्य. त्या राज्यालाही फार दिवस उरलेले नाहीत, १८३९ मध्ये इंग्रज महाराजांना गादीवरून काढतील. तुम्हाला हे माहीत आहे, आणि सांगून उपयोग नाही हेही माहीत आहे. काठावर ओले कपडे पिळणाऱ्या माणसांना पुढचा मुक्काम लोणंद एवढंच ठाऊक आहे, आणि त्यांना तेवढं पुरतं.

फलटण सोडून बरडकडे जाताना म्हातारी मागे पडते.

आधी एकदा ती शेताच्या बांधाआड जाते, मग पुन्हा, मग उठतच नाही. जाऊ तिला धरून बसलेली. डोळे खोल गेलेत, हाताची बोटं सुरकुतलीत, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. आजूबाजूची माणसं एक शब्द हलक्या आवाजात बोलतात आणि चार पावलं मागे सरतात. पटकी.

तुम्हाला कळतं की हे पाण्यातून आलंय. या माळावरच्या हजारो माणसांत हे फक्त तुम्हालाच माहीत आहे. लंडनमधल्या एका हापशाचा दांडा काढायला जॉन स्नो लावतील ते १८५४ मध्ये. रॉबर्ट कोख कलकत्त्यात पटकीचा जंतू शोधून काढतील ते १८८४ मध्ये. तुम्ही धावत विणेकऱ्यांकडे जाता, सांगता, पाणी उकळून प्या. ते तुम्हाला वेड्यात काढत नाहीत. शांतपणे विचारतात, "माउली, आषाढाच्या पावसात एवढ्या लोकांचं पाणी उकळायचं, तर सरपण आणायचं कुठनं?"

याला तुमच्याजवळ उत्तर नाही. त्यांचा प्रश्न बरोबर आहे. पहिल्या वारीत तुमच्या मागेपुढे पाण्याचे टँकर होते, दवाखान्याची गाडी होती, आणि तुम्ही त्यांच्याकडे रस्त्यातली अडचण म्हणून बघितलं होतं. ज्याने तो टँकर रात्रभर जागून भरून आणला तोही वारकरीच होता.

एका तांब्यापुरतं सरपण मात्र मिळतं. गावच्या मारुतीच्या देवळाच्या आडोशाला कोरड्या गोवऱ्या आहेत. तुम्ही पाणी खळखळून उकळता, निवू देता, त्यात मिठाची चिमूट आणि गुळाचा खडा विरघळवता, आसवांइतकं खारट लागेल इतपतच. दिलीप महालनबीस १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखरेच्या पाण्यावर हजारो माणसं वाचवतील, त्यातलं तुम्हाला आठवतं तेवढं. घोटभर पाजायचं. उलटलं तर थोडं थांबून पुन्हा घोटभर. तुम्ही जावेला दाखवता, तिच्याकडून करवून घेता. गावकरी लांबून बघतात. कुणीतरी मरीआईला नारळ कबूल करतं. एक पोरगा मात्र पुढे येऊन न बोलता आणखी दोन गोवऱ्या ठेवून जातो.

पहाटे पालखी उठते. पालखी कुणासाठी थांबत नाही. म्हातारी हाताने खूण करते: जा. तिच्या डोक्यावरची तुळस आता तुमच्या डोक्यावर आहे.

नातेपुते, माळशिरस, वेळापूर ही गावं पायाखालून जातात आणि लक्षात राहत नाहीत. वाखरीला बाकीच्या पालख्या भेटतात आणि दशमीच्या संध्याकाळी चंद्रभागेचं वाळवंट दिसतं. पहिल्या वेळी इथे तुमचे डोळे भरून आले होते. आताही येतात. पण या वेळी तुमची नजर घोड्यापुढच्या दिंडीवर आहे. आळंदीपासून ही माणसं पुढे चालत आली. पुढे चालणं हा मान नव्हता. पालखीपासून, पंगतीपासून, पाणवठ्यापासून त्यांना लांब ठेवण्याची ती रीत होती. तळावर त्यांच्या चुलीला निखारा वरून टाकला जात होता, हातावर नाही.

महाद्वारापाशी सगळी गर्दी नामदेव पायरीकडे रेटते. ती दिंडी तिथवर जात नाही. ती समोरच चोखोबांच्या समाधीपाशी थांबते. मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना ते कोसळून चोखोबा त्याखाली गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून इथे ठेवल्या, असं सांगतात. विठ्ठलाचा एवढा लाडका भक्त, त्याला मरणानंतरही दाराबाहेरच जागा. एक माणूस समाधीला डोकं टेकतो, सरळ होतो, आणि तिथूनच कळसाकडे बघून हात जोडतो. त्याचे टाळ अजून वाजताहेत. ही तक्रार ऐकायला कुठलाही चोपदार येत नाही.

तुम्हीही आत जात नाही. आत जायचं तर तुमची जात विचारली जाईल, आणि तिच्यावर तुमचं दर्शन ठरेल. इरावती कर्वे विसाव्या शतकात वारीला चालल्या, तेव्हाही पंगती जातीजातीच्या वेगळ्याच होत्या आणि त्याचं दुःख त्यांनी लिहून ठेवलं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी याच गावात प्राण पणाला लावून उपोषणाला बसतील, तेव्हा हे दार सगळ्यांना उघडेल. अजून ११३ वर्षं. तुम्ही पहिल्या वारीत दर्शनबारीत ताटकळत होतात आणि रांग फार हळू सरकते म्हणून कुरकुरत होतात. ती रांग, जिच्यात पुढच्या माणसाला मागच्याने जात विचारली नाही, कुणाकुणाच्या उपाशी पोटावर उभी होती, ते या समाधीपाशी उभं राहिल्यावर कळतं. तुम्ही एकादशीची रात्र इथेच काढता, त्या दिंडीच्या भजनात.

पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो. लाह्यांचा, दह्याचा घास एकमेकांच्या मुखात जातो आणि पालखी वळते.

पहिल्या वारीत तुम्ही एकादशीलाच एसटी पकडली होती. इथे येणारा प्रत्येक जण परत चालणार आहे. परतीची वारी आजही निघते, थोडी माणसं असतात, रस्त्याकडेला स्वागताचे मांडव नसतात. या सालात मात्र ती अर्धी वारीच आहे, आणि मला विचाराल तर अवघड अर्धी. मागायचं ते मागून झालेलं, भेटायचं त्याला भेटून झालेलं. आता मुक्काम कमी, मजला लांब. शेतात खुरपणी खोळंबली आहे. लोक भराभर चालतात, पाऊसपाण्याचं बोलतात, कुणाचा बैल आजारी आहे, कुणाची लेक बाळंत व्हायची आहे. मधूनच विणेकरी चरण उचलतो आणि बोलणं न थांबवता सगळे तो झेलतात.

बरड जवळ येतं तसे तुमचे पाय जड होतात. मारुतीच्या पाराकडे बघायचा धीर होत नाही. आधी ऐकू येतो तो आवाज.

"माझी तुळस आन हिकडं!"

म्हातारी पारावर बसली आहे, निम्मी झालेली, पण ताठ. शेजारी जाऊ, आणि गोवऱ्या आणून देणारा तो पोरगा. तुम्ही तुळस तिच्या मांडीवर ठेवता, पुडीतला बुक्का तिच्या कपाळाला लावता. ती विचारते, चंद्रभागेचं पाणी आणलंस का. तुम्ही गडू पुढे करता आणि सांगून टाकता की उकळून आणलंय.

"उकाळलं? चंद्रभागा उकाळलीस?" ती गडूकडे बघते, तुमच्याकडे बघते. मग तो कपाळाला लावून घटाघटा पिते आणि उरलेलं जावेला देते. "चल, ऊठ. निरेपातुर मला धर, म्होरं मी चालते. औंदा पंढरी ऱ्हायली. म्होरल्या साली दोनदा जाईन, आषाढीला आन् कार्तिकीला. तुझा शिधा तेवढा तू घेऊन ये."