तळटीप १४ : ‘बारा-डी’चा अर्ज

१४. बारा-डी : वृद्ध व दिव्यांग मतदारांनी टपाली मतपत्रिकेवर घरून मत देण्यासाठी भरावयाचा नमुना. निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये २२ ऑक्टोबर २०१९ रोजी दुरुस्ती होऊन ८० वर्षांवरील मतदारांना ही सोय मिळाली. जून २०२० मध्ये करोनामुळे वय ६५ वर आणले गेले, पण त्या वर्षीच्या बिहार विधानसभेला आयोगाने ते लागू केले नाही. मार्च २०२४ मध्ये मर्यादा ८५ झाली. त्यामुळे ७ मे २०२४ रोजी, सोलापूर लोकसभेच्या मतदानाला, जुळे सोलापुरातील ८२ वर्षांच्या निवृत्ताला भर उन्हात केंद्र गाठण्यावाचून पर्याय नव्हता; ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे वयाची अट नाही.

अर्ज अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो, आणि बरेच जण इथेच चुकतात. तो मंजूर झाला की यादीत नावापुढे ‘पीबी’ अशी नोंद होते. मग केंद्रावर मत देता येत नाही. पथक घरी येते, चित्रीकरण होते, पण मत गुप्तच राहते.

आईचे मत मुलाने देणे यात बसत नाही. प्रतिनिधीमार्फत (प्रॉक्सी) मतदानाची मुभा २००३ पासून आहे, तीही सेनादलांसारख्या ठरावीक सेवांतील मतदारांनाच. अशा प्रतिनिधीच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लावतात. तर्जनी त्याच्या स्वतःच्या मतासाठी मोकळी असते.