न मोजलेला माणूस

रहस्यकथेचा आरंभ एडगर अ‍ॅलन पोच्या १८४१ सालच्या कथेपासून मानतात. मराठीत बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहून ती घरोघरी पोहोचविली. तरीही नवोदितांनी प्रथम जी. के. चेस्टरटनची एक लघुकथा अभ्यासावी, असे आम्हांस वाटते. फादर ब्राऊनच्या १९११ सालच्या पहिल्या संग्रहात ती आहे. खून होतो, इमारतीत कोणीच शिरले नाही, असे पहाऱ्यावरचे चौघेही ठामपणे सांगतात. शिरलेला असतो पोस्टमन! त्याला ‘कोणी’ म्हणून मोजलेच गेले नव्हते.

पुढे १९२९ साली धर्मगुरू रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवू नये, हा त्यांतलाच एक. मग रहस्य लपवावे कोठे? आपल्या नजरेच्या सवयीत.

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर घटकाभर उभे राहावे. हमाल, सफाई कामगार, टपालवाला यांपैकी किती जण आपण खरोखर पाहतो? मात्र अशा माणसास गुन्हेगार ठरविणे फार सोपे. नवोदितांनी त्यास साक्षीदार करावे. ज्याला कोणी पाहत नाही, त्याने सारे पाहिलेले असते. फक्त त्याला कोणी विचारलेले नसते.