ही फाइल उघडेल का? भिवंडीतल्या एका प्रश्नाचा इतिहास

भिवंडीतल्या कुठल्याही कॉम्प्युटर-झेरॉक्सच्या दुकानात तासभर बसा. शहर कशाच्या काळजीत आहे ते कळतं. आधारला मोबाइल नंबर कसा जोडायचा, प्रिंटरची शाई का सुकली, टॅबवर उर्दू का दिसत नाही, मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म कुठे अडकला. असे प्रश्न दिवसभर येत असतात आणि काउंटरमागचा विशी-बाविशीचा पोरगा एकेकाला उत्तर देत असतो.

मागच्या पावसाळ्यात मी अशाच एका दुकानात प्रिंट काढायला थांबलो होतो. एक निवृत्त उर्दू शिक्षक आले. त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात त्यांच्या मरहूम भावाने पंचवीसेक वर्षांपूर्वी टाइप केलेला मजकूर होता. मोहल्ल्याच्या आठवणी, जुन्या शायरांच्या हकिकती. त्यांनी एवढंच विचारलं, "बेटा, ये फाइल खुलेगी क्या?"

पोराने फाइल उघडायचा प्रयत्न केला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, चौकोन आणि चिन्हांचा काला दिसला. सरांचा चेहरा उतरला. "म्हणजे सगळं गेलं?"

गेलं नव्हतं. पण ते का दिसत नव्हतं, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

१८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातली विणकर कुटुंबं दक्षिणेकडे सरकली. कुणी बुरहानपूरला थांबलं, कुणी मालेगावला, कुणी भिवंडीला. इथे कोकणी मुसलमान आणि आगरी-कुणबी आधीपासून होते. पुढे वीज आली, हातमागाच्या जागी पॉवरलूम आले आणि तेलंगणातले पद्मशाली विणकरही मोठ्या संख्येने आले. मराठी, कोकणी, उर्दू, अवधी-भोजपुरी, तेलुगू अशा भाषा एकाच गल्लीत बोलल्या जाऊ लागल्या. बोलणं सोपं होतं, अडचण लिहिण्याची होती. गावी पत्र धाडायचं, मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा, कचेरीत अर्ज द्यायचा, तर लिहिता येणारा माणूस शोधावा लागे. पोस्टाबाहेर आणि कचेरीसमोर बसणारा अर्ज लिहून देणारा हा आजच्या काउंटरमागच्या पोराचा पूर्वज आहे. तोही नुसता लिहीत नसे. कुठल्या खिडकीवर जायचं, कुठला कागद जोडायचा, हेही तोच सांगे.

छापील उर्दूची अडचण वेगळीच होती. उर्दू नस्तालिक वळणात लिहिली जाते. त्यात अक्षरं एका ओळीवर सरळ उभी राहत नाहीत. शब्द उजवीकडून वरून सुरू होतो आणि तिरका खाली उतरतो. एकच अक्षर शेजारी कोण आहे त्याप्रमाणे रूप बदलतं. शिशाच्या खिळ्यांत हे वळण नीट बसलं नाही आणि टाइपरायटरवरही बसलं नाही. म्हणून मराठी वर्तमानपत्रं खिळे जुळवून छापली जात होती, तेव्हा उर्दू वर्तमानपत्रं कातिब हाताने लिहीत होते. लिहिलेलं पान दगडावर किंवा पत्र्यावर उतरवून छापलं जाई. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपर्यंत हे चाललं. रोजचं वर्तमानपत्र रोज हाताने लिहायचं!

बदल झाला तो लाहोरमध्ये. मिर्झा अहमद जमील या सुलेखनकाराने हजारो अक्षरजोड हाताने काढले आणि मोनोटाइप कंपनीने ते संगणकात बसवले. या 'नूरी नस्तालिक'वर १९८१ साली 'जंग' वर्तमानपत्राची लाहोर आवृत्ती निघू लागली. १९९४ मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने हेच वळण घेऊन 'इनपेज' आणलं. आता साध्या घरगुती कॉम्प्युटरवर उर्दू पान लावता येऊ लागलं. दिल्लीच्या राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेने देशभर उर्दू डीटीपीचे वर्ग चालवले आणि त्यांतून मुलीही शिकून बाहेर पडल्या. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, मदरशांची पावतीपुस्तकं, मुशायऱ्यांची पत्रकं, सगळं इनपेजमध्ये होऊ लागलं.

कातिबांचं काम मात्र गेलं. आयुष्यभर बोरू चालवलेली माणसं घरी बसली. काही जण डीटीपी शिकले, काही लग्नपत्रिकेच्या मथळ्यांपुरते उरले. यंत्र आलं की कुणाची तरी रोजी जाते हे हातमागाच्या घरांना नव्याने सांगायला नको होतं.

आता सरांच्या फाइलकडे येऊ. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, हे आधी ठरलेलं असावं लागतं. सुरुवातीला हे इंग्रजीपुरतं ठरलं होतं. म्हणून आपल्याकडच्या कंपन्यांनी एक जुगाड केलं. इंग्रजी अक्षराच्या खणात मराठी अक्षराचं चित्र ठेवलं. फॉन्ट असेल तोवर मराठी दिसायचं. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर मूळ इंग्रजी अक्षरं उघडी पडायची. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा प्रत्येकाचे खण वेगळे. त्यामुळे पुण्यात टाइप केलेला मजकूर भिवंडीत उघडला की गिचमिड व्हायचा. इनपेजची सांकेतिक रचनाही त्याची स्वतःची होती. तिची फाइल दुसऱ्या प्रोग्रामला वाचता येत नसे. म्हणजे या एका बाबतीत मराठी आणि उर्दूचं दुखणं सारखंच होतं. भाषेच्या नावावर भांडणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींना हे कुणी सांगितलं नाही.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली. जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक कायमचा क्रमांक मिळत गेला. देवनागरी 'क'चा क्रमांक ०९१५. फॉन्ट कुठलाही असो, कंपनी कुठलीही असो, तो क्रमांक बदलत नाही. पण नियम झाला म्हणून वापर लगेच झाला नाही. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्येसुद्धा मराठी नीट दिसण्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करावी लागे आणि पुष्कळदा विंडोजची सीडी घालावी लागे. ती खूण कुठे करायची, हा त्या काळात दुकानात हमखास येणारा प्रश्न होता. मोबाइलवरच्या उर्दूला तर त्याहून उशीर झाला. अक्षरं दिसत, पण अरबी नस्ख वळणात. नस्तालिकची सवय असलेल्या डोळ्याला ती परकी वाटत. गूगलचा नस्तालिक फॉन्ट २०१४ मध्ये आला.

म्हणजे साधारण वीस वर्षांचा मजकूर असा आहे जो कागदावर नाही आणि आजच्या फोनवरही उघडत नाही. संस्थांचे अहवाल, छोट्या मासिकांचे अंक, कवितासंग्रहांची मुद्रितं. १९८४ ची दंगल सोसलेल्या या शहरात माणसांनी नंतर लिहून ठेवलेल्या आठवणीही त्यात असतील. हस्तलिखिताला वाळवी लागते तेव्हा आपण हळहळतो. फाइलची वाळवी दिसत नाही, म्हणून हळहळ होत नाही.

दुकानातले बाकीचे प्रश्नही असेच इतिहासातून आलेले आहेत. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात तो करकरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून का ठेवलाय, असं नवी पोरं विचारतात. कारण तो कागदावर सुई मारतो. खाली कार्बन असेल तर एका ठोक्यात बिल्टीच्या तीन-चार प्रती निघतात. लेझर आणि इंकजेट कागदाला दाबत नाहीत, त्यांना हे जमत नाही. वॉरंटीचं बिल वर्षभरात कोरं का झालं? ते उष्णतेने उमटणाऱ्या कागदावरचं होतं. त्यात शाई नसतेच, आणि उन्हात किंवा गरम जागी ठेवलं तर ते उडतं. घेतल्या दिवशीच झेरॉक्स काढून ठेवावी. इंकजेट का अडतो? महिनाभर वापरला नाही तर तोंडाशी शाई सुकते. आठवड्यातून एक रंगीत पान काढत जावं.

आणि लूमवाल्याच्या पोराला कॉम्प्युटर काय कळणार, असं कुणी म्हणालं तर त्याला जॅकार्डची गोष्ट सांगावी. फ्रान्समधल्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी मागावर नक्षी विणून दाखवली. भोक असेल तर धागा उचलायचा, नसेल तर नाही. हीच कल्पना पुढे बॅबेजने आपल्या यंत्राच्या आराखड्यात घेतली. अमेरिकेची १८९० ची जनगणनाही भोकांच्या कार्डांवर मोजली गेली. हो किंवा नाही, एक किंवा शून्य. डॉबीच्या पट्टीवर खुंटी लावणारा कारागीर हेच करत असतो.

जनगणनेवरून नावाचा प्रश्न आठवतो. दुकानातला सगळ्यात जड प्रश्न तोच आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. तेव्हापासून माणसाचं नाव माणसाच्या तोंडी कमी आणि यंत्रात जास्त राहू लागलं. नोंदणी करताना नाव इंग्रजीत टाइप केलं की सॉफ्टवेअर त्याचं देवनागरी रूप आपोआप करतं. ते तपासायचं काम चालकाचं, पण रांग मोठी असते. उर्दूत झे, झाल, झाद, झोय अशी चार वेगळी अक्षरं आहेत, मराठीत चौघांना मिळून एक 'ज' किंवा 'झ'. शेख इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं. मोहम्मदचं कुठे पूर्ण नाव असतं, कुठे नुसतं 'मो.' एकाच माणसाच्या रेशनकार्डावर, शाळेच्या दाखल्यावर, मतदार यादीत आणि आधारवर चार नावं निघतात.

एरवी हा वैतागच. पण डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्वाचा सुधारित कायदा आला आणि त्याबरोबर नागरिक नोंदणीची चर्चा सुरू झाली, तेव्हा हा वैताग भीतीत बदलला. मोहल्ल्यामोहल्ल्यात लोक ट्रंकेतून कागद काढून अक्षरं जुळवू लागले. एक वेलांटी, एक मात्रा, एक जास्तीचं 'एच'. ही चूक माणसाच्या हेतूची नव्हती. ती तीन लिप्यांच्या मधल्या फटीत आणि घाईत झालेली होती. पण सिद्ध करायचं ओझं माणसावर होतं. तेव्हा सही-शिक्क्याच्या साहेबांपर्यंत पोचण्याआधी लोक पोचले ते या दुकानांत. "बेटा, यात नाव बरोबर आहे का बघ."

भिवंडीभोवती आज गोदामांचा पसारा आहे. ऑनलाइन मागवलेला लॅपटॉप, टॅब, प्रिंटर मुंबईकराच्या दारी जातो तो बहुधा इथूनच. वस्तू इथे रचलेल्या आहेत. ती वापरायची कशी, हे सांगणारा माणूस मात्र अजून गल्लीतलं दुकानच आहे. त्या कामाची कुठे नोंद नाही, त्याला पदवी नाही. प्रिंटचे पाच-दहा रुपये मिळतात, उत्तर फुकट असतं.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात जुनी सीडी, हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह असेल तर आताच उघडून बघा. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. शिवाय पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबतच बांधता येतो, त्यामुळे पान जसं होतं तसं दिसतं. आणि एक कागदी प्रत ठेवा.

सरांचं काय झालं? पोराने दोन फोन केले. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका ओळखीच्याकडे जुन्या कॉम्प्युटरवर इनपेज होतं. संध्याकाळी फाइल उघडली. सव्वाशे पानं होती. सरांनी पहिलं पान उभ्या उभ्या वाचलं, चष्मा पुसला आणि दोन प्रती काढायला सांगितल्या. पोराने पीडीएफ त्यांच्या मोबाइलवर पाठवून दिली.

सर दारापर्यंत गेले आणि परत आले. "बेटा, ये पीडीएफ मोबाइल में कहाँ जाती है?"

पोराने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि दाखवायला सुरुवात केली.